जमिनीची वाटणी: सही घेण्याआधी विचारलंत का?

तुमच्या घरी असा फोन कधी आलाय का? जेवणं आटोपलेली असतात, टीव्ही चालू असतो आणि गावाकडून काकांचा किंवा मामांचा फोन येतो. आधी तब्येतीची चौकशी, मग पावसापाण्याचं, आणि शेवटी हळूच मुद्दा येतो, "ते जमिनीचं तेवढं बघायला पाहिजे."

आमच्याकडे हा फोन आबा गेल्यावर चार महिन्यांनी आला. आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. त्या भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर पांगली. आबाही असेच तरुणपणी मद्रासला आले आणि सौकारपेठेत भट्टी लावून बसले. माझा जन्म इथलाच. गाव माझ्यासाठी मे महिन्याची सुट्टी आणि यात्रा एवढंच होतं.

फोनवर काका पप्पांना म्हणाले, "दादा, दोघी बहिणींच्या सह्या तेवढ्या घेऊन टाकूया. हक्कसोड झालं की आपण मोकळं."

पप्पा लगेच "बरं" म्हणाले. मी समोरच बसले होते. दोघींना याबद्दल कुणी विचारलंय का, असं मी विचारलं तर पप्पा म्हणाले, "त्यात विचारायचं काय? त्या काय नाही म्हणणार आहेत?"

तुमच्याही घरात हे वाक्य कुणीतरी बोललेलं असेल. हा लेख त्या वाक्याबद्दलच आहे.

एक देऊळ आणि एक कोर्ट

आमच्या दुकानापासून चालत गेलं की थंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळचं देऊळ लागतं. शिवाजी महाराज १६७७ साली इथे दर्शनाला आले होते, असं या देवळात सांगतात. चेन्नईतली मराठी माणसं पाहुण्यांना हे देऊळ आवर्जून दाखवतात. तिथून थोडं पुढे गेलं की रस्त्यापलीकडे मद्रास हायकोर्टाची लाल इमारत दिसते. १८९२ साली उभी राहिलेली ही इमारत मी लहानपणापासून बघत आले.

या दोन्ही जागांचा एकाच घराण्याच्या वाटणीशी संबंध आहे, हे मला आबा गेल्यानंतर कळलं. ते घराणं म्हणजे भोसल्यांचं, आणि वाटणी तंजावरची.

महाराज १६७७ मध्ये एवढ्या दक्षिणेत आले त्यामागे राजकारण होतंच, पण एक घरगुती कारणही होतं. वडील शहाजीराजे १६६४ मध्ये गेले. त्यांची कर्नाटकातली जहागीर सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सांभाळत होते आणि पुढे तंजावरही त्यांच्याकडे आलं. तेरा वर्षं वाटणीचा विषय तसाच राहिला होता. महाराजांनी वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. दोघे भाऊ भेटले, पण बोलणं जमलं नाही आणि व्यंकोजीराजे रातोरात छावणी सोडून निघून गेले. पुढे दोघांच्या फौजांमध्ये लढाईही झाली.

पण हे भांडण लढाईवर संपलं नाही. व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी नवऱ्याला समजावलं, असं सांगितलं जातं. दोन्ही घरं जवळून ओळखणारे रघुनाथपंत हणमंते मध्यस्थ होते. शेवटी कलमं लिहून तह झाला. त्या कलमांमध्ये महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख वहिनी दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला, असाही उल्लेख आहे.

म्हणजे भावाभावांचा वाद मिटला तेव्हा घरातल्या बाईचं म्हणणं ऐकलं गेलं आणि कागदावर तिचं नावही आलं. ही गोष्ट सतराव्या शतकातली आहे.

जेव्हा कुणीच काही ठरवून ठेवत नाही

याच तंजावरच्या गादीची दुसरी गोष्ट मात्र मन खिन्न करणारी आहे. शेवटचे राजे, त्यांचंही नाव शिवाजीच, २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. मुलगा नव्हता. मागे राण्या, मुली, म्हातारी आई आणि राजवाड्यावर अवलंबून असलेली शेकडो माणसं राहिली. ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केलं आणि १८५६ मध्ये दागदागिने, जमिनी अशी खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली.

थोरल्या राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात कंपनीविरुद्ध दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन हे नावाजलेले वकील त्यांच्या बाजूने लढले. मद्रासचा निकाल राणीच्या बाजूने लागला. विचार करा, पडद्याआड राहणारी एक मराठी विधवा त्या काळात कंपनी सरकारविरुद्ध कोर्टात जिंकली! पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. सरकारने सत्तेच्या बळावर केलेल्या कृतीत दिवाणी कोर्टाला हात घालता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

१८६२ मध्ये सरकारने ती खासगी मालमत्ता आपणहून परत दिली. कारभार थोरल्या राणीकडे राहील, इतर राण्यांनाही तिचा उपभोग मिळेल आणि शेवटची राणी गेल्यावर ती राजांच्या मुलीकडे किंवा जवळच्या वारसाकडे जाईल, असं ठरलं.

इथे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण आता राण्यांमध्येच वाद सुरू झाला. सांभाळायचं कुणी, खर्च कुणी करायचा, माझा वाटा वेगळा मिळेल का? हे प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या मद्रास हायकोर्टात गेलं आणि १८६८ मध्ये निकाल लागला. एका पतीच्या सगळ्या विधवा मिळून मालमत्ता घेतात आणि एक वारली की तिचा हक्क उरलेल्यांकडे जातो, असं कोर्टाने सांगितलं.

तरी शेवट झाला नाहीच. विसाव्या शतकात शेवटची राणी गेल्यावर पुन्हा दावेदार उभे राहिले. त्या खटल्यात कोल्हापूरच्या महाराजांचंही नाव आहे. त्याचा निकाल १९२५ च्या कायद्याच्या अहवालांमध्ये छापलेला आहे. राजाने खांड्याशी लग्न लावून घरात आणलेल्या स्त्रियांच्या मुलांना वारस मानायचं का, असे प्रश्न त्यात होते. त्या काळी वारसाचे नियम वर्णाप्रमाणे बदलत असल्यामुळे तंजावरचे राजे क्षत्रिय की शूद्र, यावरही कोर्टात कीस पडला आणि कोर्टाने त्यांना शूद्र ठरवलं.

१८५५ ते १९२५ म्हणजे सत्तर वर्षं झाली. घरातली लग्नं, मुलं, जात, रीतिरिवाज, सगळं भर कोर्टात उलगडलं गेलं. १६७७ मध्ये याच घराण्याने एवढी मोठी दौलत मध्यस्थ बसवून वाटून घेतली होती. तेव्हा प्रत्येकाचं म्हणणं ऐकायला मुख्य माणसं हयात होती. १८५५ मध्ये बोलायला माणूसच उरला नव्हता.

आमची साडेचार एकर

राजवाड्याची गोष्ट वेगळी आणि आपली वेगळी, असं तुम्ही म्हणाल. आमची जमीन साडेचार एकर आहे. इतकी वर्षं ती कोरडवाहू होती, ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली. तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. मग आमच्या भागात टेंभू योजनेचं पाणी आलं. आता शेजारच्या रानात द्राक्षं आणि डाळिंबं आहेत. पाणी आल्यावर सगळ्यांना जमीन आठवली, आम्हालाही.

यात काका वाईट आहेत असं मुळीच समजू नका. तीस वर्षं ती जमीन त्यांनीच कसली. दुष्काळात टँकरच्या पाण्यावर बैल जगवले. कर्ज काढून बोअर मारली, ती कोरडी गेली, पुन्हा मारली. पप्पा इथे भट्टीवर होते, दोघी आत्या सासरी होत्या. "राबलो मी आणि वाटे चार?" असं काकांच्या मनात आलं तर ते समजण्यासारखं आहे. वाटणीतला खरा अवघड भाग हाच असतो. प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी खरं असतं.

मी थोरल्या आत्याला फोन केला. ती विट्याला असते. घाबरतच विषय काढला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं, आता "मला काही नको गं" म्हणेल, किंवा रागावेल. ती म्हणाली, "आपली जमीन किती हाय, ती तरी सांग की."

आत्याचं वय बासष्ट आहे. त्या रानात तिने लहानपणी खुरपणी केली, पाणी वाहिलं. पण ती जमीन किती, कुणाच्या नावावर, गट नंबर काय, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आम्ही तिची सही मागायला निघालो होतो.

त्याच रात्री मी महाभूलेखवरून सात-बारा काढला आणि तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. मग दोघींनी मिळून तो वाचला. खरं सांगायचं तर मलाही तो पहिल्यांदाच नीट कळला.

कायदा काय म्हणतो, सोप्या भाषेत

आबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आजी आधीच गेली होती. अशा वेळी हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मात्र उशिरा मिळाला. तमिळनाडूने तो १९८९ मध्ये दिला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये, पण दोन्हीकडे आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभराचा कायदा बदलला आणि लग्नाची ही अट गेली. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. २००५ मध्ये त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतोच. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र तशाच राहतात.

म्हणजे आमच्या घरात चार वाटे होते. प्रत्येकी एक एकर पाच गुंठे. "बहिणींना द्यायचं का" हा प्रश्नच चुकीचा होता. ते त्यांचं होतंच.

प्रोबेटचा गोंधळ

चेन्नई, मुंबई आणि कोलकात्यात राहणाऱ्यांना आणखी एक शब्द सतत ऐकू येतो, प्रोबेट. मृत्युपत्र खरं आहे आणि ते कायदेशीर रीतीने केलेलं आहे, यावर कोर्टाने उठवलेली मोहोर म्हणजे प्रोबेट. या तीन शहरांच्या हायकोर्टांच्या मूळ हद्दीत हिंदूंनी केलेल्या मृत्युपत्रांना, किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या मृत्युपत्रांना, इंग्रजांच्या काळापासून प्रोबेटची सक्ती होती. आबांनी सौकारपेठेत बसून मृत्युपत्र केलं असतं तर गावच्या जमिनीसाठीही आम्हाला त्या लाल इमारतीची पायरी चढावी लागली असती. तेच मृत्युपत्र विट्यात केलं असतं तर नाही! डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं आणि ही सक्ती संपली. प्रोबेट घ्यायचं असेल तर आजही घेता येतं, आणि मृत्युपत्रावर वाद होण्याची शक्यता असेल तर ते उपयोगीही पडतं.

पण एक गैरसमज दूर करूया. प्रोबेट जमिनीची वाटणी करून देत नाही. ते फक्त मृत्युपत्र खरं ठरवतं. जमिनीवर मालकी मुळात कुणाची आणि हद्द कुठे घालायची, हे प्रश्न वेगळे राहतात. वाटणीचा दावाही जमीन जिथे आहे तिथल्याच दिवाणी कोर्टात चालतो. तुम्ही चेन्नईत राहता म्हणून तो इथे लावता येत नाही.

मग करायचं काय?

तुमच्या घरी हा विषय निघाला असेल किंवा निघणार असेल, तर या क्रमाने जा. आम्ही चुकत चुकत हेच शिकलो.

• आधी कागद सगळ्यांना दाखवा. सात-बारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. भावंडांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि त्यात टाका. बहिणींनाही, हे वेगळं सांगायला नको.

• वारसांची नोंद करा. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. आम्हाला उशीर झाला, तुम्ही करू नका. सगळ्या वारसांची नावं घाला. एखादं नाव गाळणं म्हणजे पुढच्या भांडणाचं बी पेरणं.

• सात-बारावरची नोंद म्हणजे मालकीचा अंतिम निकाल नव्हे. नोंद महसुलासाठी असते. नाव लागलं नाही म्हणून हक्क जात नाही आणि नाव लागलं म्हणून सगळं आपलं होत नाही.

• एकमत असेल तर कोर्टाची गरज नाही. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. नोंदणीकृत वाटणीपत्रही करता येतं. तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडता येत नाहीत, तेवढं आधी विचारून घ्या.

• हक्कसोडपत्र घाईत करू नका. ते नोंदणीकृत लागतं आणि एकदा झालं की मागे फिरणं फार कठीण. बहिणीला खरोखरच वाटा सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय. पण आधी तिला सांगा की ती काय सोडतेय, किती सोडतेय आणि त्याची आजची किंमत काय.

• मालमत्ता तमिळनाडूत असेल तर सात-बाराच्या जागी पट्टा आणि चिट्टा बघावा लागतो. तहसीलदार कचेरीतून वारसाचा दाखला घ्यावा लागतो, त्याला इथे "वारिसु" दाखला म्हणतात. शब्द आपलाच वाटतो ना? आणि बोजा आहे का हे बघायला "विल्लंगम" दाखला काढा. तमिळमध्ये विल्लंगमचा दुसरा अर्थ कटकट असाही होतो. ज्याने हा शब्द दाखल्याला दिला त्याला अनुभव असणार.

• एक रघुनाथपंत शोधा. सगळ्यांचा विश्वास असलेला मामा, शेजारी किंवा जुने शिक्षक. वकील लागतोच, पण त्याआधी घरातला शब्द ऐकून घेणारा माणूस लागतो.

दिवाळीत काय झालं

वारस फेरफारात चारही नावं लागली. दिवाळीला आम्ही सगळे गावी गेलो. पहिला अर्धा तास कुणीच बोललं नाही, सगळे फराळच करत होते. मग पप्पांनी सुरुवात केली. "जमीन तूच जपलीस," असं ते काकांना सगळ्यांसमोर म्हणाले. तीस वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं, असं काकू नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाली. काकांनी काही उत्तर दिलं नाही, पण त्यानंतर त्यांचा आवाज खाली आला.

धाकटी आत्या म्हणाली, तिचा वाटा ती काकांना देणार, पण लगेच नाही, वर्षभर विचार करून. थोरली आत्या म्हणाली, तिला वाटा हवाय. कसायला काकांनीच घ्यावा, मात्र नाव तिचं राहू दे. काकांना ते जड गेलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण आता त्या दोघांचं बोलणं समोरासमोर झालं होतं, तिसऱ्याच्या फोनवरून नव्हे. पाण्याच्या पाइपलाइनकडची बाजू कुणाला, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मोजणीचा अर्ज दिलाय. मोजणी झाल्यावर पुन्हा बसायचं ठरलंय.

संध्याकाळी आत्या मला रानात घेऊन गेली. "ह्या बांधावर मी दगड रचलेत," म्हणाली. मी मोबाइलवर नकाशा उघडला आणि गट नंबर जुळवून तिला दाखवला. चष्मा वर करून तिने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यात माझी बाजू कुठली यील?"

आता तुमच्याकडे तो फोन आला, तर "बरं" म्हणण्याआधी आणखी एक फोन करा. ज्यांच्या सह्या घ्यायच्या आहेत त्यांना, आणि सही मागण्यासाठी नव्हे. आपली जमीन किती आहे, ते त्यांना आधी सांगण्यासाठी.